चौदा फुटी ट्रॉली

आमच्याकडे गाडी पकडायला स्टेशनवर जायचं म्हणजे आपल्या आधीची गाडी सुटताना बघायला जायचं. संसाराचा मोठा भाग मी असा भोपाळच्या फलाटांवर ट्रंकेवर बसून काढला आहे. आमचे हे, म्हणजे नीळकंठ, कारखान्यात डिझाइनला होते. तिथे प्रत्येक गोष्टीला मार्जिन ठेवावं लागतं म्हणे, म्हणजे हिशेबात जेवढं लागेल त्याहून थोडं जास्त धरायचं. लोखंडाच्या बाबतीत ते ठीकच असेल. पण यांनी मार्जिन घरी आणलं. आमच्या प्रतीकला बूट कायम एक नंबर मोठे घेतले, पुढे कापडाचे बोळे कोंबून पोरगं शाळेत जायचं. त्याच्या लग्नाला हॉल एवढा प्रशस्त घेतला, की फोटोत पाहुणे शोधावे लागतात. मी बोलले की ठरलेलं उत्तर यायचं, "कमी पडलं तर?"

रिटायर झाल्यावर पिपलानीचं कारखान्याचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही जवळच्याच कॉलनीत स्वतःच्या घरात आलो. त्यानंतरचं वर्ष शत्रूवरही येऊ नये. रिकामा इंजिनियर घरात असणं काय असतं, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल. यांनी खिडक्यांचे गज मोजले, गॅसच्या नळीवर तारीख घातली, आणि मोजायचं सगळं संपल्यावर गप्प बसून राहायला लागले. त्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटायची. चहा ठेवला तर प्यायचे, नाही ठेवला तर विचारायचेही नाहीत.

मग यांनी बैरसिया रोडला, करोंदच्या पुढे, चार एकर जमीन घेतली. मी पुष्कळ ओरडले. पहिली काही वर्षं ती गावातल्या मांगीलालला बटईनं दिली, म्हणजे पीक निम्मं त्याचं, निम्मं आमचं. पण हळूहळू हे रोज स्कूटरवरून जायला लागले, काळे पडले, भूक लागायला लागली, आणि एक दिवस माझ्या नव्या चष्म्याची थट्टा केली. माझा माणूस मला परत मिळाला होता. त्या दिवसापासून मी त्या जमिनीबद्दल एक वाकडा शब्द काढलेला नाही.

प्रतीकला मात्र ती डोळ्यांत खुपायची. तो पुण्याला मोटारींच्या कंपनीत असतो. बाबांनी या वयात उन्हात फिरू नये, जमीन विकावी आणि दोघांनी पुण्याला यावं, असं त्याचं म्हणणं. फ्लॅटमधली एक खोली आमच्यासाठी ठेवली होती. आमचं सागवानी कपाट कुठल्या भिंतीला बसेल, तेसुद्धा मोजून ठेवलं होतं. मुलगा मायेनंच म्हणत होता, म्हणून तर तोडून बोलता येत नव्हतं. पण मला पुण्याला जायचं नव्हतं. हे तिथे तिसऱ्या मजल्यावर पुन्हा गज मोजायला लागतील आणि मग गप्प बसतील, हे मला लख्ख दिसत होतं.

गणपतीला प्रतीक आला तेव्हा बापलेकांची जुंपली. शेवटी असं ठरलं, की यंदा गहू बटईनं द्यायचा नाही. मांगीलालनं पगारावर ट्रॅक्टर चालवावा, बाकी सगळं बाबांनी करायचं, आणि धान्य आपल्याच गाडीतून करोंदच्या धान्याच्या मंडीत पोचवायचं. ते जमलं तर प्रतीक विक्रीचं नाव काढणार नाही. दुसऱ्या कुणाची गाडी बोलवावी लागली, तर आम्ही सामान बांधायचं. यांनी लगेच टाळी दिली. मला कुणी विचारलं नाही, मी मोदक वाढत होते.

ट्रॅक्टर जमिनीबरोबरच जुना मिळाला होता. ट्रॉली नव्हती. ती बनवून घ्यायची, तर प्रश्न आला तो लांबीचा.

आता खरं सांगायचं तर यांनी हिशेब चोख केला होता. किती गहू होईल, किती पोती, ट्रॅक्टरची ताकद किती, सगळं मांडून उत्तर आलं दहा फूट. दोन खेपांत गहू मंडीत. मी म्हटलं, झालं तर मग. तेवढ्यात यांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची छटा आली आणि म्हणाले, यंदा थंडी चांगली पडली तर पीक जास्त येईल, मग ट्रॉली कमी पडली तर? आणि अकरा फूट लिहिलं. मांगीलालला विचारलं, तर तो म्हणाला की जेवढी मोठी तेवढी चांगली, गावात वट राहते. त्याला मी शास्त्रज्ञांत धरत नाही.

पुढे ड्रॉइंग गेलं सुधाकर भावजींकडे. हे कारखान्यातले यांचे सोबती, आयुष्यभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासायचं काम केलेले. भावजींनी आठवडाभर ते ठेवून घेतलं आणि "ओके" लिहून परत दिलं. ते रईसभाईंच्या वर्कशॉपला गेलं. रईसभाईंचं वेल्डिंगचं दुकान करोंदलाच आहे आणि त्यांनीही पूर्वी कारखान्यात ठेकेदारीवर कामं केलेली. माणूस भला, हात सफाईदार. आमची ट्रॉली त्यांनी लाल रंगवली आणि मागे यांचं नाव पिवळ्या अक्षरांत घातलं. नावालाही बरीच जागा लागली होती.

दसऱ्यानंतर ट्रॉली शेतावर आली. आमच्या शेजारी पटेलजींचं रान आहे, त्यांचं सोयाबीन नुकतंच निघालं होतं, जमीन मोकळी पडलेली. मांगीलालनं ट्रॉली सरळ त्या मोकळ्या रानातून ऐटीत आत आणली. मी नारळ घेऊन उभी होते. ट्रॉली येतच राहिली. ट्रॅक्टर माझ्यापुढून गेला, ट्रॉलीचा दांडा गेला, चाकं गेली, तरी ट्रॉली येतच होती. मी विचारलं की ही अकरा फूट आहे का. यांनी टेप काढला. चौदा भरली.

मग नारळ बाजूला राहिला आणि तिथेच बांधावर चौकशी बसली. सुधाकर भावजी मुद्दाम बघायला आले होते, त्यांनी शांतपणे सांगितलं की बारा फूट त्यांनी केली. मी कारण विचारलं, तर मलाच समजावलं, "वहिनी, ड्रॉइंग चेकिंगला आलं आणि काहीच न बदलता गेलं, तर मी चेक काय केलं?" उरलेल्या दोन फुटांसाठी सगळ्यांनी रईसभाईंकडे पाहिलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "साब, एक फुट कटिंग के मार्जिन का, एक फुट आपकी इज्जत का. इतने बडे इंजीनियर की ट्रॉली छोटी अच्छी लगती है क्या?"

मला वाटलं, आता हे भडकणार. पण हे ट्रॉलीभोवती एक चक्कर मारून आले आणि चेहरा फुलला. म्हणाले, चौदा म्हणजे दोन खेपांची गरजच नाही, सगळा गहू एका खेपेत. तिघांनी एकमेकांची पाठ थोपटली. अति तेथे माती, असं मी पुटपुटले, पण नारळ फोडण्याच्या गडबडीत कुणाला ऐकू गेलं नाही. हिवाळाभर ट्रॉली जागची हलली नाही. मी तिच्यात बसून मटार सोलायचे. बसायला ती फार चांगली होती, हे मी कबूल करते.

थंडी खरंच चांगली पडली. गहू असा आला, की पटेलजी स्वतःच्या बांधावरून बघून जायचे. मजूर लावून कापणी केली, थ्रेशरनं मळणी झाली, आणि दाणा बघून मला भरून आलं. हे मूठभर गहू तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ओट्यावर ठेवून नुसते उभे राहिले. मी पोळी लाटत होते. मी म्हटलं, छान झालाय हो.

मंडीत न्यायच्या दिवशी प्रतीक पुण्याहून आला. पांढरे बूट, काळा चष्मा, आणि आल्याआल्या हळूच मला म्हणाला, की कपाटाला न्यायला ट्रक बघून ठेवलाय, नुसता बघून. मी त्याला पोहे दिले आणि गप्प बसवलं. पोती चढली. सगळी एका खेपेत चढली, यांचा शब्द खरा ठरला. सुधाकर भावजीही आले होते. मांगीलालनं ट्रॅक्टर सुरू केला, आम्ही मागून चालत निघालो.

आता या जागेची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शेतातून रस्त्याला लागायला एक कच्ची, चिंचोळी वाट आहे. ती पुढे पुलियापाशी, म्हणजे छोट्या पुलापाशी, काटकोनात उजवीकडे वळते. वळणाच्या आतल्या अंगाला कोरडा चर आहे आणि बाहेरच्या अंगाला पटेलजींच्या विहिरीची गुडघाभर दगडी पाळ. येताना ट्रॉली या वाटेनं आलीच नव्हती, मोकळ्या रानातून आली होती. आता त्या रानात पटेलजींचा गहू उभा होता, हार्वेस्टरची वाट बघत. तेव्हा पहिल्यांदाच आमची चौदा फुटी त्या वळणावर आली.

ट्रॅक्टर वळला. ट्रॉली वळेना. मांगीलालनं बाहेरून घ्यायला पाहिलं तर ट्रॅक्टरचं नाक पाळीला लागलं, आतून घ्यायला पाहिलं तर ट्रॉलीचं उजवं चाक चराच्या काठावर आलं आणि माती ढासळायला लागली. मागे घेतली, पुढे घेतली, आणि शेवटी ती वाटेत तिरकी होऊन बसली. वाट संपूर्ण बंद. बघता बघता पलीकडे दूधवाल्याची मोटारसायकल थांबली, तिच्यामागे पटेलजींची जीप, आणि जीपमागे एक डीजेची गाडी, जिला दुपारी कुठल्याशा लग्नात वाजायचं होतं. डीजेवाले चौघं आडदांड गडी खाली उतरून ट्रॉलीवरचं यांचं नाव मोठ्यानं वाचायला लागले.

सुधाकर भावजी चष्मा पुसत म्हणाले, की लांबीला आपण सगळ्यांनी मार्जिन दिलं, वळणाला कुणीच दिलं नाही. हे त्यांनी तपासताना बघायला हवं होतं, असं मला वाटलं, पण घरी आलेल्या माणसाला बोलू नये.

पटेलजी मोठ्या मनाचे. त्यांनी लगेच उपाय सांगितला. त्यांची छोटी ट्रॉली आहे, ती मागवू, पोती तिच्यात टाकू, दोन खेपांत मंडीत पोचतील, रिकामी ट्रॉली मग बघू. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हां तिघांनाच ठाऊक होतं, की याचा अर्थ काय. मी यांच्याकडे पाहिलं. हे पाळीवर बसले होते, हात गुडघ्यांवर, आणि तेच ते गप्प बसणं. हे हळूच म्हणाले, "बोलवा पटेलजी तुमची ट्रॉली. लोकांना किती वेळ अडकवून ठेवायचं."

मी प्रतीककडे बघायचं टाळत होते. त्यानं जिंकल्याचा चेहरा केला असता, तर त्या क्षणी मला माझा मुलगा आवडला नसता. म्हणून तो काय करतोय, ते मला उशिरा दिसलं. तो ट्रॉलीच्या चाकाशी उकिडवा बसला होता, काळा चष्मा डोक्यावर सरकवून, आणि काटकीनं धुळीत रेघा मारत होता.

"पटेलजी, थांबा जरा," तो म्हणाला. मग बाबांकडे न बघताच विचारलं, की ट्रॉलीचा मजला जमिनीपासून किती उंच आहे. यांनी पाळीवरूनच आकडा सांगितला, त्यांना तो झोपेतही सांगता आला असता. प्रतीक म्हणाला, म्हणजे अडतायत ती चाकं, ट्रॉलीचं अंग अडत नाही. अंग चरावरूनही जाईल आणि पाळीवरूनही. ट्रॅक्टर सोडला, आतलं चाक दगड लावून जागेवर धरलं, आणि बाहेरचं चाक तेवढं ढकललं, तर ही जागच्या जागी फिरेल.

हे उठले. मी बघतच राहिले, कारण उठताना कंबर धरायची असते, तेसुद्धा हे विसरले होते. जवळ जाऊन रेघा बघितल्या आणि म्हणाले, एवढ्या वजनासकट फिरणार नाही. प्रतीक म्हणाला, पोती उतरवू. "सगळी नको," हे म्हणाले, "मागची राहू देत. मागे वजन राहिलं की पुढचा दांडा हलका होईल, हातानं उचलता येईल." प्रतीकनं मान वर केली, "बरोबर बाबा. किती ठेवायची?" आणि दोघं एकाच रेघेवर वाकून भांडायला लागले. बूट एक नंबर मोठे का घेतले, यावरून भांडायचे तसंच, पण आज दोघांनाही मजा येत होती. सुधाकर भावजी तिसरे येऊन वाकले. त्यांना काहीतरी बदलायचं होतं, ते दोघांनी बदलू दिलं नाही.

मग काय विचारता. पोती उतरवायला डीजेवाले पुढे झाले, कारण त्यांना लग्न गाठायचं होतं. दूधवाला आला, मांगीलाल आला, पटेलजींनी जीपमधून दोर काढला. पलीकडच्या गाड्या मागे रस्त्याला घेतल्या, ट्रॅक्टर सोडून पुढे नेला. दांडा धरायला माणसं चरात उतरली, त्यांत प्रतीक होता, आणि त्याचे पांढरे बूट पहिल्याच पावलाला मातीत गेले. हे काठावर उभे राहून हातवारे करत होते. आवाज असा खणखणीत लागला होता, की रिटायर झाल्यापासून मी तो ऐकला नव्हता. सगळ्यांनी जोर लावला. ट्रॉली कुरकुरली, थोडी हलली, अडली, आणि मग मागचं टोक पाळीवरून अलगद सरकत, पुढचं चरावरून तरंगत, ते लालभडक चौदा फुटी धूड बाई वळलं. तिचं तोंड रस्त्याकडे लागलं. डीजेवाल्यानं गाडीकडे पळत जाऊन एक धडाका लावला, तेव्हा विहिरीवरचे सगळे पारवे उडाले.

पोती पुन्हा चढली. सगळ्यांना तिथेच मंडीच्या वाटेवरच्या टपरीचा चहा कबूल केला आणि ट्रॉली निघाली. पोत्यांवर पुढे हे बसले, शेजारी मी, आणि मागे प्रतीक, बूट हातात घेऊन, अनवाणी. पैज कोण जिंकलं, हे विचारायची मला भीती वाटत होती. दुसऱ्याची गाडी बोलावली नव्हती, हे खरं. पण आपण अडकलो होतो, हेही सगळ्या गावानं बघितलं होतं. प्रतीकनं ठरवलं असतं, तर त्याला बोलायला जागा होती.

करोंदची मंडी दिसायला लागली, तेव्हा त्यानं फोन काढला. मला वाटलं, ट्रकवाल्याला लावतोय. फोन रईसभाईंना होता.

"रईसभाई, प्रतीक बोल रहा हूँ. गेहूं उतार के ट्रॉली आपके यहां ला रहे हैं. काट के दस फुट कर दीजिए." मग जरा थांबला. मागे वळून पोत्यांकडे पाहिलं. "दस नहीं, साढेदस कीजिए. अगले साल फसल ज्यादा आई तो?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे. खाण तशी माती म्हणतात ते काही उगाच नाही. पण माझे कान त्या अर्ध्या फुटावर नव्हतेच, मी 'अगले साल' धरून बसले होते. डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं. हे म्हणाले, की पुढच्या वर्षी त्या वळणाचं माप आधी घ्यावं लागेल, तेव्हा गणपतीला येशील त्या वेळी टेप धरायला माणूस हवा. प्रतीक म्हणाला, येईन.

थोड्या वेळानं मी विचारलं, की मग आमच्या कपाटासाठी मोजून ठेवलेल्या त्या भिंतीचं आता काय. प्रतीकनं पायावरची माती खरवडत विचार केला आणि म्हणाला, की तिथे गव्हाची कोठी ठेवीन, दरवर्षी घरचा गहू पाठवत जा.

"केवढी घेऊ कोठी?" त्यानं विचारलं.

यांनी तोंड उघडलंच होतं, पण या वेळी मी आधी बोलले.

"मोठी घे," मी म्हटलं.